नववी ओळ कोरी

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात आणि दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञान भाग दोनचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. वह्यांना कव्हरं चढायच्या आत मुलांसमोर प्रश्न येऊन उभा राहतो, आपण आलो कुठून? चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी हा धडा अनेक वर्षं शिकवते आहे, आणि वर्गात शिरण्याआधी दर वर्षी मला जाणवतं की या प्रश्नाचं उत्तर घरून घेऊन आलेली मुलं माझ्यासमोर बसणार आहेत. कुणाच्या आजीनं ब्रह्मदेवाची गोष्ट सांगितलेली असते. कुणाच्या घरी हजरत आदमची. कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला घरच्यांसोबत जाणारी एखादी गोंड मुलगी असते, तिला गोंडांच्या गाथेतला पारी कुपार लिंगो ठाऊक असतो. चर्चमध्ये सहा दिवसांची गोष्ट ऐकलेला एखादा मुलगा असतो. आणि बौद्ध घरातली मुलं तर आमच्याकडे प्रत्येक वर्गात असतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ तारखेला, बाबासाहेबांनी चंद्रपुरात दीक्षा दिली. इथल्या कित्येक घरांत ती आठवण आजा-आजीच्या तोंडून पुढच्या पिढीकडे आलेली आहे.

मी स्वतः श्रद्धाळू आहे. आमच्या घरी गुरुदेव सेवा मंडळाची परंपरा आहे, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना सहसा चुकत नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटू नये की देवाधर्माशी वैर असलेली एक बाई बोलते आहे.

काही वर्षांपूर्वी मी प्रशिक्षणासाठी शाळेबाहेर होते. माझे तास एका सहकाऱ्यांनी घेतले. ते गणिताचे. तळमळीनं शिकवणारे, फी न घेता कच्च्या मुलांना संध्याकाळी बसवणारे. माझा धडा मागे पडू नये म्हणून त्यांनी उत्क्रांतीचा भाग स्वतःहून पुढे नेला होता. परत आल्यावर मी वह्या तपासायला घेतल्या तर प्रत्येक वहीत एक तक्ता. डावीकडे दशावतार, उजवीकडे 'उत्क्रांतीचा टप्पा'. मत्स्य म्हणजे जलचर. कूर्म म्हणजे उभयचर. वराह म्हणजे सस्तन प्राणी. नरसिंह, अर्धा पशू अर्धा मानव. वामन, ठेंगणा आदिमानव. परशुराम, हत्यार वापरणारा. राम, समाज वसवणारा. कृष्ण, शेती आणि गोपालन. नववा बुद्ध, 'प्रगत विचारी मानव'. दहावा कल्की, 'भविष्यातील मानव'. खाली चौकटीत लिहिलेलं होतं: डार्विनच्या आधी हजारो वर्षं आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं.

एका वहीत नववी ओळ कोरी होती. आठ ओळी सुवाच्य, दहावी सुवाच्य, मधली एक तेवढी रिकामी. तिच्याशेजारी लाल शाईत शेरा होता, 'अपूर्ण'.

तो मुलगा वर्गात फार बोलणारा नव्हता. मधल्या सुट्टीत मी त्याला सहज विचारलं, लिहायचं राहिलं का. तो म्हणाला, "नाही मॅडम. आमच्या घरी असं नाही लिहू शकत." बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक प्रतिज्ञाच आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही. त्याच्या घरात त्या प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या होत्या. पंधरा वर्षांच्या त्या पोरानं हुज्जत घातली नाही, तक्रार केली नाही, सरांचा मान राखला, आणि आपल्या घराचाही राखला. त्याबद्दल त्याला लाल शेरा मिळाला.

मी तो शेरा दाखवायला सरांकडे गेले तेव्हा त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. पण तक्त्याबद्दल मात्र ते ठाम होते. "मॅडम, मी डार्विनला विरोध कुठे केला? उलट पोरांना तो आपला वाटावा म्हणून सांगितलं. परक्या दाढीवाल्याचं नाव घेऊन शिकवलं तर पाठ करतात आणि विसरतात. मत्स्य-कूर्म म्हटलं की डोक्यात बसतं."

या म्हणण्यात दम आहे, आणि म्हणूनच ते मला उडवून लावता आलं नाही. आपल्याकडे उत्क्रांतीला समोरासमोर विरोध करणारे शिक्षक मला क्वचितच भेटले. भेटले ते बहुतेक असे, प्रेमानं सांधा जुळवणारे. आणि ही जुळवाजुळव आजची नाही. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मादाम ब्लाव्हात्स्की यांनी १८७७ सालच्या 'आयसिस अनव्हेल्ड' या ग्रंथात दशावतार आणि डार्विनचा सिद्धांत यांची सांगड घातली होती. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. म्हणजे सिद्धांत आल्यावर अठरा वर्षांनी ही सांगड छापली गेली आणि पुढे ती आपल्या भाषणांतून, प्रवचनांतून फिरत राहिली.

सरांशी मी आधी विज्ञानाबद्दलच बोलले. कासव उभयचर नाही, सरीसृप आहे. अर्धा सिंह अर्धा माणूस असा टप्पा कुठल्याही थरात सापडलेला नाही आणि सापडणारही नाही, कारण माणूस सिंहापासून आलेला नाही. वामनापासून पुढे तर प्राणी बदलतच नाही, सगळी माणसंच आहेत. पण याहून मोठी अडचण त्या तक्त्याच्या आकारात आहे. तो एक जिना आहे. खालची पायरी गेली की वरची, आणि सगळ्यात वर आपण. उत्क्रांती तशी चालत नाही. ती फांद्या फुटत जाणारी आहे, तिला गाठायचं कुठलं टोक नाही, आणि मासा अजूनही उत्तम चाललेला मासा आहे. जिना डोक्यात बसला की मुलं हमखास तो प्रश्न विचारतात, "मॅडम, माकडापासून माणूस झाला तर आताची माकडं काऊन नाही होत माणूस?" मी त्यांना म्हणते, तुझा चुलतभाऊ तुझा बाप आहे का? नाही. पण तुमचा आजा एक आहे. चिंपांझी आपला बाप नाही, चुलतभावाचं नातं आहे, आणि तो समाईक आजा साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा आहे. हे कळायला आमच्याकडच्या मुलांना दोन मिनिटं लागतात, कारण भावकी त्यांना चांगली कळते. आपलंसं वाटावं हे सरांचं म्हणणं मला मान्यच आहे. ते साधायला अवतारच लागतात असं नाही.

मग मी त्यांना रामापिथेकसची गोष्ट सांगितली. आपल्या पुस्तकात मानवाच्या वाटचालीत हे नाव येतं. शिवालिकच्या टेकड्यांमध्ये १९३२ साली जबड्याचा एक तुकडा सापडला, त्याला रामाचं नाव मिळालं, आणि अनेक वर्षं तो मानवाचा सर्वांत जुना पूर्वज समजला गेला. पुढे पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर जास्त पूर्ण अवशेष मिळाले, त्यात चेहऱ्याची हाडं होती, आणि १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक अभ्यासकांचं मत पालटलं. रामापिथेकस हा शिवापिथेकसच, आणि तो आपल्यापेक्षा ओरांगउटानला जवळचा. पूर्वजाच्या जागेवरून त्याला खाली उतरावं लागलं. रामाचं नाव होतं तरी कुणाच्या श्रद्धेला धक्का लागला नाही, कारण त्या तुकड्यावर कुणी श्रद्धा टांगलेली नव्हती. विज्ञानाच्या तासाला जे जे येतं त्याला उद्या खाली उतरावं लागू शकतं. पुस्तकातलं वाक्यही त्यातून सुटत नाही. मत्स्यावताराला त्या रांगेत उभं केलं तर त्यालाही तोच नियम लागेल. एखादं पोरगं हात वर करून विचारेल, "सर, कशावरून?" आणि मग सरांना दोनपैकी एक करावं लागेल, त्या पोराला गप्प बसवावं लागेल किंवा देवाचा पुरावा मागू द्यावा लागेल. मला दोन्ही नको आहे. माझी प्रार्थना मला पुराव्यानिशी सिद्ध करायची नाही, आणि ती सिद्ध होत नाही म्हणून कुणी खोडलेलीही मला चालणार नाही.

'कशावरून' हा शब्द मी पहिल्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते आणि धडा संपेपर्यंत पुसत नाही.

पण त्या कोऱ्या ओळीचा प्रश्न विज्ञानाच्या चुकांनी संपत नाही. समजा तक्ता शास्त्रीयदृष्ट्या बिनचूक असता, तरी ती ओळ कोरीच राहिली असती. वर्गात शिक्षक बोलतो तेव्हा त्याच्या हातात खडू असतो, लाल पेन असतं, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण असतात. देवळात न पटलेलं कीर्तन सोडून माणूस उठून जाऊ शकतो. दहावीचा मुलगा विज्ञानाच्या तासातून उठून जाऊ शकत नाही. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमात हाच विचार आहे. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत धार्मिक शिक्षण असलं तर संमतीशिवाय त्यात कुणाला भाग घ्यायला लावता येत नाही, आणि मूल अज्ञान असेल तर संमती पालकांची लागते. विज्ञानाच्या तासात श्रद्धा मिसळली की ती संमती विचारायला जागाच उरत नाही, कारण समोरच्याला कळतही नाही की आता विषय बदलला आहे.

ही रेघ दोन्ही बाजूंनी पाळायला हवी हेही मी पाहिलं आहे. एका शिबिरात एक शिक्षक अभिमानानं सांगत होते की ते उत्क्रांतीच्या धड्याला मुलांच्या गळ्यातले ताईत, हातातले धागे दाखवून विचारतात, यानं वाचणार का तुम्ही, डार्विननं देव कधीच संपवला. मला ते ऐकून त्या वर्गातल्या मुलांची काळजी वाटली. एकोणिसाव्या शतकातल्या त्या ग्रंथात प्राण्यांच्या जाती कशा बदलतात हे आहे, देव आहे की नाही याचा निकाल त्यात नाही. आनुवंशिकी आणि नैसर्गिक निवड यांची गाठ बांधणाऱ्यांपैकी एक, थिओडोसियस डॉबझान्स्की, स्वतः धार्मिक वृत्तीचे होते. शिक्षकाची अश्रद्धासुद्धा त्याची खाजगी गोष्ट आहे. ती खडूनं लिहायची नसते.

आणि तिसरा प्रकार, सगळ्यात जास्त आढळणारा, गाळून टाकण्याचा. "हा भाग घरी वाचून घ्या, दोन-तीन मार्कांना येतो." असं म्हटलं की कुणाशी वाद नको, पालकांचा फोन नको. अमेरिकेत बर्कमन आणि प्लट्झर या दोन अभ्यासकांनी जीवशास्त्राच्या शिक्षकांची पाहणी केली होती, ती २०११ साली प्रसिद्ध झाली. उघडपणे निर्मितीवाद शिकवणारे सुमारे तेरा टक्के निघाले, उत्क्रांती ठामपणे शिकवणारे सुमारे अठ्ठावीस टक्के, आणि उरलेले साठेक टक्के वाद टाळत कडेकडेनं जाणारे. शंभर वर्षांपूर्वी डेटन गावात उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स या शिक्षकावर खटला भरणारा तो देश, २००५ साली डोव्हरच्या खटल्यात न्यायालयानं उत्क्रांतीच्या बाजूनं स्पष्ट निकाल दिला, तरी वर्गात असं. आपल्याकडे अशी पाहणी मी पाहिलेली नाही, पण स्टाफरूममध्ये बसून मला ते साठ टक्के ओळखीचे वाटले.

वरूनही कधी कधी तोच वारा येतो. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही, डार्विनचा सिद्धांत शाळा-कॉलेजांतून बदलायला हवा. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून ते खोडलं. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये, एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. धड्याचं नाव 'आनुवंशिकता व उत्क्रांती' होतं, ते नुसतं 'आनुवंशिकता' झालं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्रावर सह्या केल्या. कारण ओझं कमी करण्याचं दिलं गेलं. पण अकरावीला जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला हा विषय मग आयुष्यात परत भेटत नाही. आमच्या राज्य मंडळाच्या पुस्तकात तो अजून आहे, आणि मी तो गाळणार नाही.

गाळायचा तरी कसा? आमच्या तालुक्यात पिसदुरा आहे.

वरोऱ्याजवळच्या या गावाच्या शिवारात डायनासोरची हाडं सापडली आणि विष्ठाश्म सापडले, म्हणजे दगड झालेली विष्ठा. मुलांना मी एकदा तिथं घेऊन गेले. काहीही उचलायचं नाही, फक्त बघायचं, या अटीवर. डायनासोरचं शेण म्हटल्यावर जो हशा झाला तो आवरायला वेळ लागला. मग मी त्यांना सांगितलं की याच पिसदुऱ्याच्या शेणानं जगभरचं एक चित्र बदललं. गवत डायनासोरांच्या काळात नव्हतंच, असं बहुतेक अभ्यासक धरून चालत. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे विष्ठाश्म सूक्ष्मदर्शकाखाली तपासले तेव्हा त्यात गवताचे सिलिकाचे कण मिळाले. धानाच्या बांधीत पात्यानं बोट कापतं ना, ते याच सिलिकामुळे. पातं कुजून जातं, कण टिकतात. साडेसहा कोटी वर्षं टिकले. २००५ साली हे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं, आणि २०११ साली त्याच विष्ठाश्मांमधून भाताच्या कुळातल्या गवताची नोंद झाली. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यातली ती मुलं हे ऐकून गप्प झाली. मग एक मुलगी म्हणाली, "म्हणजे आधीचं पुस्तक चुकलं होतं?" हो, म्हटलं, आणि ते दुरुस्त करायला लागणारा पुरावा तुझ्या पायाखाली होता.

तिथूनच नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंकडे येता येतं. १९८३ साली 'पटेल ३' धानाच्या शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या, वर्षानुवर्षं. त्यातून एचएमटी तांदूळ आला. डार्विनच्या ग्रंथाचं पहिलं प्रकरण माणसानं पाळलेल्या प्राण्यांवर आणि लावलेल्या पिकांवर आहे, त्यात कबुतरं पाळणारे शौकीन येतात. माझ्या वर्गात कबुतरांच्या जागी दादाजी येतात. वेगळेपण आपोआप येतं, निवड त्यातलं काही टिकवते. शेतात निवडणारा माणूस असतो, रानात दुष्काळ, रोग आणि शिकारी असतात. एचएमटीचा भात रोज खाणाऱ्या मुलाला याहून आपलं काय असणार?

स्टीफन हिस्लॉप यांचं नाव मी मुलांना आवर्जून सांगते. १८४५ साली नागपूरला आलेला हा स्कॉटिश मिशनरी. बायबलवर पूर्ण विश्वास ठेवणारा, तो सांगायलाच इथं आलेला. सवड मिळेल तसा तो नागपूर-चांद्याकडचे दगड फोडायचा, जीवाश्म गोळा करायचा. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत त्यानं या भागाच्या भूस्तरांवर लिहिलं ते लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं छापलं. या दोघांनी पाठवलेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेननं नाव दिलं. आणि याच माणसानं गोंडांची लिंगोची गाथा उतरवून घेतली, गुहेत कोंडलेल्या गोंडांना लिंगो कसा सोडवतो त्याची. १८६३ साली पुराच्या पाण्यात बुडून तो गेला. ती गाथा १८६६ मध्ये रिचर्ड टेम्पल यांनी संपादित करून छापली. थरांच्या वर्णनात त्यानं बायबल घुसवलं नाही, आणि लिंगोची गाथा जीवाश्मांच्या निबंधात टाकली नाही. एका माणसाच्या मनात तिन्हींना जागा होती, पण ज्याची त्याची जागा त्याला कळत होती. ज्या वर्षी आमची गोंड विद्यार्थिनी लिंगोची गोष्ट मराठीच्या बाईंकडे शाळेच्या हस्तलिखितासाठी घेऊन आली, त्या वर्षी मी तिला हिस्लॉपचं सांगितलं. "आमची गोष्ट दीडशे वर्षं आधी छापली?" म्हणून तिला फार आनंद झाला. तिनं ती दहा पानं लिहिली. विज्ञानाच्या वहीत तिनं पिसदुऱ्याच्या थरांची आकृती काढली. दोन्ही वह्या मला तितक्याच आवडल्या.

मुलं विचारतातच, "मॅडम, तुम्ही देव मानता का?" मी खोटं बोलत नाही. मानते म्हणते. पण पुढे सांगते की ते तासानंतर विचार, इथं त्याचा उपयोग नाही, आणि तुला हे सगळं पटलं की नाही हे मी तपासणार नाही. पुरावे कोणते, त्यातून काय निष्कर्ष निघतो आणि का, हे तुला नीट सांगता आलं पाहिजे. "परीक्षेत पुस्तकातलं लिहा, घरी काहीही माना," असं सांगणारे शिक्षक आहेत, त्यांच्या मनात खोट नसते, पण मला ते वाक्य आवडत नाही. त्यातून पोरं दुटप्पीपणा शिकतात. कोण जाणे, एखाद्याच्या मनात वर्षांनी ते दोन्ही एकत्र नांदू लागेल, एखादं त्यातलं एक सोडून देईल. तो प्रवास त्याचा त्यानं करायचा आहे, आणि घाई माझ्या लाल पेनाची नको.

त्या मुलाच्या वहीतला शेरा सरांनी स्वतः खोडला आणि त्याच्याशी बाजूला बसून बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. तक्ता मात्र त्यांना अजून प्रिय आहे. शनिवारी दप्तराविना शाळेत ते कधी कधी पुराणकथा सांगतात, ज्यांना ऐकायच्या ते बसतात, आणि तिथं दशावतार येतात तेव्हा मीही मागे जाऊन बसते, कारण ते गोष्टी फार सुंदर सांगतात. एकदा मी तिथं असताना त्यांनी मत्स्यावतार संपवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, डार्विन इथं नाही आणला बरं." मी म्हटलं, आणला असता तर मी हात वर केला असता. ते म्हणाले, "इथं चाललं असतं ना पण?" यावर आमचं अजून एकमत नाही. माझं म्हणणं, गोष्टीच्या तासालासुद्धा विज्ञानाचा शिक्का गोष्टीवर मारू नये, गोष्टीला त्याची गरज नाही. त्यांचं म्हणणं, तेवढी मोकळीक गोष्ट सांगणाऱ्याला हवी. पुढच्या जूनमध्ये धड्याच्या आधी आम्ही दोघं मिळून पिसदुऱ्याला जायचं ठरवलं आहे. त्यांनी अजून पाहिलेलं नाही.